कृतज्ञतेचा डबा

१९ ऑक्टो. ९४
नोएडाचे बिल्डर भाटिया. त्यांचा ड्रायव्हर बर्फीचा स्टीलचा डबा ठेवून गेला. दिवाळीला दोन आठवडे असताना. सोबत चिठ्ठी: "आपका हृदय से कृतज्ञ हूँ।"
कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा, पाठशाळेत घोकलंय. मी काय केलंय ते भाटियांना कळलेलं दिसतं. मला नाही.

२० ऑक्टो.
दाढी करताना कळलं. केलं नाही, तेच केलं.
दातारबाईंचे कागद, आमच्या पुण्याच्या पेपरात बातमी यावी म्हणून दिलेले. बाई निवृत्त शिक्षिका, पहाडगंजला भाड्याच्या खोलीत. त्यांचा नोएडातला फ्लॅट भाटियांनी परस्पर दुसऱ्याला दिला. भाटियांना फोन केला, ते "बाद में" म्हणाले, आणि कागद तीन आठवडे माझ्या खणात. दुसरी बाजू हवी म्हणून. असं मी म्हणतो.
सौ.ला सांगितलं, डबा आजच परत.

२१ ऑक्टो.
डबा गेला. बर्फी शेजारी वाटून, आणि चकल्या भरून!
"अहो, कुणाचा डबा रिकामा परत देतात का?"
"बिल्डरचा देतात."
"मग दोन बर्फ्या कुणी खाल्ल्या?"


२३ ऑक्टो.
भाटियांचा फोन. "पंडितजी, क्या चकली है! अब तो आप घर के आदमी हो गए।" मी हसलो. का हसलो?
संध्याकाळी दातारबाई आल्या. कागदांचं नावही नाही. जाताना, "तुमचे आभार कसे मानू, भाऊ?"
"अजून मानू नका."
त्यांचाही संशय आला. आगाऊ आभार म्हणजे तगादाच, फक्त सभ्य. मग स्वतःची लाज वाटली.

२६ ऑक्टो.
बातमी लिहिली. भाटियांना पुन्हा फोन, सरळ प्रश्न: बाईंचा फ्लॅट कुणाला दिलात? ते, "चकली के बाद यह सवाल?" आवाजात खरंच दुखावलेपण. वाईट म्हणजे, मलाही ओशाळल्यासारखं झालं. फोन त्यांनीच ठेवला.

२७ ऑक्टो.
पानं घेऊन फॅक्सला निघालो तर दारात ड्रायव्हर. तोच डबा, या वेळी जड. सौ.ने हात मागे घेतले. "हा घेतला तर पुन्हा काहीतरी घालून द्यावं लागेल."
म्हटलं, "घे. परवा बातमीचा अंक येईल, तो घालून दे."
मोठ्या ऐटीत जिना उतरलो.
कोपऱ्यावरच्या बूथवर तीनदा लावला. पुणे एंगेज्ड. चौथ्यांदा लावला नाही. बूथवाल्याने विचारलं, "और ट्राय करूँ, साहब?" म्हटलं, चहा पिऊन येतो.
पानं खिशात आहेत. चहा संपलाय.