आमच्या शाळेची गळती

तीर्थरूप थोरल्या मामांस,

भाचीचा नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून साष्टांग नाही, उभ्या-उभ्याच घ्या). मामींची कंबर कशी आहे? तुमच्या शाळेचा निकाल यंदाही शंभर टक्के लागला म्हणे. अभिनंदन! (लागेलच. नापास होऊ घातलेली मुलं तुम्ही परीक्षेआधीच काढून आमच्याकडे पाठवता, तेव्हा त्यात आमचाही खारीचा वाटा आहे.)

आमचं म्हणाल तर मूल्यमापन झालं. साहेब आले, त्यांनी फळे मोजले, पंखे मोजले आणि मग मुलं मोजली. ती कमी भरली. मी सांगितलं, सुधारलेली मुलं मामांच्या शाळेत परत गेली, आमचं कामच ते. तर म्हणाले, "बाई, शाळा सोडली ना? मग ती गळती." म्हणजे मूल मार्गी लावलं की आमचे गुण कापणार आणि बिघडलेलंच ठेवलं की शाबासकी! माझं डोकंच फिरलं. यंदा पुन्हा कमी पडलो तर शाळेला टाळं लागणार आहे, मामा.

तेवढ्यात साहेब हात धुवायला गेले आणि आत अडकले. (आमच्याकडे त्या दाराची कडी कुणी लावत नाही, ती अडकते. दार नुसतं लोटायचं आणि आत असेपर्यंत गाणं म्हणायचं. साहेबांना हे सांगायचं राहून गेलं.) शिपाईदादा दाराला खांदा मारून थकले. नशिबाने तुमच्या शाळेला सुट्टी होती म्हणून आमची 'किल्ली' भेटायला आली होती. तीच हो, जप्त केलेल्या मोबाइलसाठी तुमचं कपाट उघडलं म्हणून तुम्ही काढलेली आणि गणितात पक्की करून आम्ही तुम्हाला परत केलेली. तिने केसातल्या पिनेने साहेबांना सोडवलं. घामाघूम साहेबांनी विचारलं, "कुठल्या वर्गात तू, बाळ?" मी म्हटलं, "साहेब, ही गळती." त्यांनी रुमालाने घाम पुसला. मग म्हणाले, "बुधवारी पुन्हा मोजतो." माणूस वाईट नाही.

तुमची,
भाची

ता. क. : आता मुद्द्याचं. परत घेतलेली मुलं मंगळवारी काढून टाकाल का? गुरुवारी पोचती करते. कारण काहीही चालेल, तुम्हाला ते सुचतंच.

आणखी ता. क. : काढू नका. किल्लीला कुणकुण लागली. म्हणते, "काढायला कशाला लावता बाई? दांडी मारून येतो की आम्ही!" मी तिला चांगलंच झापलं आणि मग एकटीच रडत बसले. तुमच्याकडे परतल्यापासून पोरीने एक दांडी मारलेली नाही, मामा. पहिली दांडी आमच्यापायी नको पडायला. त्यापेक्षा बुधवारी तुम्हीच मुलांना घेऊन या आणि ती कुणी काढली, कुणी घडवली, ते साहेबांना स्वतःच्या तोंडाने सांगा. हात धुवायला गेलात तर कडी लावू नका, गाणं म्हणा.