उरलेलं पाणी

अण्णा, तुमच्या हस्ताक्षरातला तो मजकूर परवा सापडला. पाठपोट लिहिलेला कागद. वाळलेल्या काडावर युरियाची प्रक्रिया कशी करायची, ते सगळं त्यात आहे. शंभर किलो काड, चार किलो युरिया, पन्नास लिटर पाणी. खड्ड्यात काडाचे थर रचत ते पाणी शिंपडायचं, तुडवून दाबायचं, एकवीस दिवस हवा लागू द्यायची नाही. मग तेच निकस काड जनावराच्या अंगी लागतं. आणि एक वाक्य तीन ठिकाणी आहे: युरियाचं उरलेलं पाणी फेकून द्या, जनावराच्या तोंडाला लागू देऊ नका. त्यातल्या दोन ठिकाणी माझ्या लाल शाईची काट आहे. मी तिन्ही पुन्हा वाचली. ती दोन मला अजूनही जास्तच वाटतात.

त्या वर्षी कडबा कुठंच उरला नव्हता. तुमच्याकडे इतकी गावं होती, की प्रत्येक ठिकाणी जाऊन करून दाखवणं शक्य नव्हतं. जिथं तुम्ही पोचणार नाही तिथं कागद पोचावा, म्हणून पत्रक छापायचं ठरलं. पडेगावच्या घरात आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून मजकूर वाचून दाखवताय. मी मराठी घेऊन एम.ए. करतेय आणि कमीत कमी शब्दांत लिहिता येतं याचा मला गर्व आहे. "तेच तेच काय लिहिलंय अण्णा? लोक बहिरे आहेत का?" तुम्ही म्हणता, "बहिरे नायत. पण ऱ्हाऊ दे." "मग पत्रकाच्या एका बाजूला बसणार नाही." आई तव्यावरून नजर न काढता म्हणते, "करू द्या तिला. एवढं शिकून घरात बसलीय." तुम्ही हसता. "बरं बाई. तू शिकलेली." गुलमंडीच्या मागच्या छापखान्यातून गठ्ठा आला तेव्हा तुम्ही एक पत्रक उन्हात धरून पाहिलंत आणि देखणं झालंय म्हणालात.

लोकांनी काड कालवायला घेतलंय ते मला दाखवायचं, म्हणून एका रविवारी तुम्ही मला स्कूटरवर मागं बसवून नेलंत. पिशोरच्या चौकातच एकानं थांबवलं. "डॉक्टर, आमच्या वस्तीवर चला. गाय पडली." तुम्ही डॉक्टर नव्हता, पशुधन पर्यवेक्षक होता, पण सगळे डॉक्टरच म्हणत. गाय गोठ्याबाहेर आडवी होती. पोट फुगलेलं, तोंडाला फेस, पाय ताठ. तुम्ही डिकीतून युरियावरचा उतारा म्हणून ठेवलेली व्हिनेगरची बाटली काढलीत, पाण्यात मिसळून पाजायला लागलात. ते घशाखाली उतरलंच नाही. थोड्या वेळानं तुम्ही तिच्या मानेवरचा हात काढलात.

घरची बाई भिंतीला टेकून उभी होती. तुमच्याच वयाची असेल. "सुनेनं वाचलं व्हतं डॉक्टर, फेका म्हनून. पण एवढ्या कागदात एकदाच. टँकर आठ दिवसानं येतो. दोन बादल्या पाणी मातीत कसं वतावं? गाय सकाळधरून हंबरत व्हती." बांधावर बसलेला तिचा दीर म्हणाला, "आता डॉक्टर येत नाय, कागद येतो." तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, "चूक माझी हाये. मीच कमी लिवलं."

घरी आल्यावर मोरीत बराच वेळ हात धूत राहिलात, आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात, "लई चांगलं लिवतीस तू. पण तहानलेल्या माणसाला पाणी फेक म्हणायचं, तर एकदा म्हणून भागत नाय." त्यानंतर त्या विषयावर तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत.

पुढचे पंधरा दिवस तुम्ही गावोगाव हिंडून पत्रकं परत घेतलीत. ज्यांची जनावरं ते काड नीट खात होती, त्यांनीही खड्डे उकरून टाकले आणि पाऊस यायच्या आत जनावरं बाजारात नेली. तुम्हाला डॉक्टर म्हणणं लोकांनी हळूहळू सोडलं. साहेब म्हणायला लागले. तुम्ही पुन्हा कुणाला युरियाचं नाव सांगितलं नाहीत. निवृत्तीनंतर दारात खुर्ची टाकून समोरच्या शेतात खांब रोवले जाताना बघत बसायचात. आता तिथं चार मजली इमारती आहेत आणि आमच्याही नळाला आठवड्यानं पाणी येतं. तो कागद दाखवावा असं आता मला कुणी माहीत नाही.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठं ठेवावं तेही कळत नाही. तरी एक लिहिते. तुम्ही टोपी काढून चूक कबूल केलीत, तेव्हा मी तुमच्यापासून दोन पावलांवर होते. बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी कोण, हे तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला म्हणत आले. ते खरं नाही. तिनं विचारलं होतं. तुम्ही तेव्हा स्कूटरकडे गेला होता. मी म्हणाले, साहेबांबरोबर आलेय, गाव बघायला.