शून्य घरटी

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कंपनीने अखेर माझी लायकी ओळखली. कोलकात्यापासून चार तासांवर, समुद्रकाठी मरीना होणार आहे; म्हणजे श्रीमंतांच्या नौकांचा पार्किंग लॉट. त्या बांधकामाने तिथल्या पक्ष्यांना, खेकड्यांना त्रास होऊ नये हे बघायचं काम माझं. वाळूत घरटी आढळली तर पावसाळ्यापर्यंत काम बंद. केवढी ताकद माझ्या एका सहीत! मी मुळात फिल्डचा माणूस. कोलकात्यातल्या एस्प्लनेडच्या ऑफिसात अकरा वर्षं उगाच सडलो.
संकल्प : दर शनिवारी साइट. दुर्बीण घेतली.

७ मार्च, शनिवार
गेलो नाही. नवे बूट चावतात. गॅलरीतून दुर्बिणीची प्रॅक्टिस केली. समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. बायको, वैदेही, म्हणाली, दुर्बीण आत ठेव.

१४ मार्च, शनिवार
पोट. नकुलला फोन केला. हा तिथला कोळी, आपल्यासाठी किनाऱ्यावर लक्ष ठेवतो. म्हणाला, दादा, सुरय पक्षी आलेत, वाळूतच अंडी घालतायत, लवकर या. ‘बघतो,’ म्हणालो. गावची माणसं जरा वाढवून सांगतात. तज्ज्ञाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही मानू नये.

२८ मार्च, शनिवार
ऊन फार. नकुलचे तीन मिस्ड कॉल.

३० मार्च
रिपोर्ट दिला. चौऱ्याऐंशी पानं! घरटी : शून्य. मी स्वतः पाहिलेली नाहीत, तेव्हा ‘आढळली नाहीत’ हे शब्दशः खरं आहे. साइट भेटी : चार. मनाने चारही शनिवारी तिथेच होतो. आमचा बॉस ऋषभ (माझ्याहून नऊ वर्षांनी लहान) म्हणाला, पहिल्यांदाच रिपोर्ट वेळेवर आला. वीस एप्रिलला दगडांचे ट्रक जाणार.

११ एप्रिल
सानिकाने वर्गात सांगितलंय की बाबा पक्ष्यांना वाचवतो. मला म्हणाली, ‘बाबा, तुझे पाखी मला दाखव ना.’ मध्येच बंगाली शब्द घुसतात, मराठी सुधारायला हवं तिचं. पुढच्या शनिवारी नक्की.

१८ एप्रिल, शनिवार
गेलो.
सानिकाला घेऊन पोचायला साडेदहा झाले. ड्रायव्हर म्हणाला, रस्त्यावरच थांबू. मी म्हणालो, वाळू घट्ट आहे, पाण्यापर्यंत घे. लांबून एक माणूस गमछा हलवत धावत येताना दिसला. स्वागताला येतोय असं वाटून मीही हात हलवला.
तो नकुल होता. गाडी थांबवा म्हणून ओरडत होता.
चाकाखाली दोन अंडी गेली. वाळूच्याच रंगाची, बारीक ठिपक्यांची. पिवळं वाळूत मुरत होतं. पांढरा पक्षी आमच्या डोक्यावर किंचाळत फिरला, मग चाकाच्या खुणेवर येऊन बसला. बसूनच राहिला.
नकुल सानिकाला म्हणाला, मी पाय ठेवीन तिथेच पाय ठेव. त्याने बांबूच्या काड्या रोवून घरट्यांना जाळ्याची दोरी बांधली होती. या बाजूला ती पुरली नव्हती. सानिकाने उरलेली मोजली. तेवीस.
मग नकुल तिला म्हणाला, आता काळजी नाही, तुझ्या बाबांना मी सगळं कळवलंय, ते ट्रक येऊ देणार नाहीत.
तिने माझ्याकडे बघितलं. मी दुर्बिणीची काच पुसत होतो.
परतताना तिने विचारलं, रिपोर्टमध्ये किती लिहिलीस? मी म्हणालो, रिपोर्टची पद्धत वेगळी असते. त्यानंतर चार तास ती बोलली नाही.

१९ एप्रिल, रविवार
ऋषभला मेल लिहिली. ‘चूक’ खोडून ‘निरीक्षणातील तफावत’ केलं. मग ‘किरकोळ तफावत’. पाठवली नाही. रविवारी मेल बघतं कोण?

२० एप्रिल, सोमवार
६.४० : पाठवली. तीनच वाक्यं. मी एकदाही गेलो नव्हतो. तेवीस घरटी आहेत. ट्रक थांबवा.
७.०५ : ऋषभचा फोन. ट्रक पहाटेच निघाले. पोचलेही असतील.
७.१० : नकुलला फोन. तो पहिल्या ट्रकपुढे उभा होता. ड्रायव्हरने त्याला परवानगीचा कागद दाखवला. इंग्रजीत आहे म्हणून त्याने गावच्या मास्तरांकडून वाचून घेतला. मला म्हणाला, ‘दादा, यावर तुमचं नाव कसं?’
मी काही बोलायच्या आत मागून इंजिनांचा आवाज आला आणि फोन बंद झाला.
दुपारी बारा : काम थांबलं. मलाही काढलं प्रोजेक्टवरून.

२२ एप्रिल
नकुल फोन उचलत नाही. आज त्याच्या बायकोने उचलला. तो दोरी बांधतोय, म्हणाली. नऊ घरटी राहिलीत.
संध्याकाळी सानिका आपणहून बोलली. किती राहिली, म्हणाली. नऊ, म्हणालो.
तू मोजलीस?
नाही, म्हणालो.