बाल्कनीतला शर्ट

तुला उठवलं नाही, कारण दोन रात्रींनंतर आत्ता कुठे तुझा डोळा लागला आहे.

आपल्या परदेशातल्या घरात कोणीही घुसलेलं नाही. पुतण्याने रस्त्यावरून काढून पाठवलेला फोटो मी सकाळी भिंगाखाली धरला. बाल्कनीत वाळत घातलेला तो शर्ट माझाच आहे. खिशाखालचा शाईचा डाग दिसला, आणि तो धुताना तू मला काय काय बोलली होतीस तेही आठवलं.

लगेच तिथल्या शेजारच्या शिंपीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो काका, घर बंद दिसलं की लोक कुलूप तोडून बिऱ्हाड थाटतात. म्हणून मी दर रविवारी दोरीवरचे तुमचे कपडे बदलते." इथल्यापेक्षा तिथे माझे कपडे नेमाने बदलले जातात, हे तू म्हणायच्या आत मीच लिहून टाकतो.

किल्ली त्यांना मीच दिली होती. तू "कोणालाही द्यायची नाही" असं बजावलं होतंस, म्हणून सांगायचा धीर झाला नाही. माझं चुकलं असावं. बहुधा चुकलंच.

वकीलसाहेब फोन उचलत नाहीत, तेव्हा त्या घुसखोरांना धाडायची नोटीस थांबवायला त्यांच्याकडे स्वतःच जातो आहे. चहा थर्मासमध्ये आहे.

आणखी एक. बाई म्हणतात, नुसता शर्ट पाहून एकटा म्हातारा राहतोय असं वाटतं, काकूंचाही एखादा कपडा पाठवा. दोघांनी तिथे राहायचं म्हणून घर घेतलं आणि ते काही जमलं नाही. निदान दोरीवर तरी सोबत असू. कपडा तूच निवड. मी निवडला तर नको तोच निघेल.