आईचे फोटो आपोआप येतात

१३ सप्टेंबर, शनिवार

सगळे गेले. बाबांचे सगळे फोटो.

आईचा फोन कपड्यांच्या बादलीत पडला. तिने तो तांदळाच्या डब्यात ठेवला आणि मला सांगितलं आज. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेलाय. आत काही उरलं नाही." बाबांची शेवटची वर्षं त्या फोनमध्ये होती – फॅक्टरीतला निरोपसमारंभ, आजारपणात वाढलेली दाढी, खडकीच्या घराच्या गॅलरीत पेपर वाचताना डोक्याला बांधलेला मफलर. दुसरीकडे कुठेही प्रत नाही. मी दिवसभर ऑफिसात लोकांचा डेटा सांभाळते आणि माझ्या आईच्या फोनचा बॅकअप नाही! दुकानाबाहेर पायरीवर बसून राहिले. रडूही येईना.

आई शेजारी उभी. म्हणाली, "जाऊ दे गं. माणूसच गेला, तिथं फोटोंचं काय." तीन वर्षंसुद्धा झाली नाहीत बाबांना जाऊन. ती असं कसं बोलू शकते?

२० सप्टेंबर

ठरलं. घरातच सर्व्हर बांधायचा. सगळ्या कुटुंबाचे फोटो एका जागी, आपल्या ताब्यात. सुदर्शनच्या ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर माळ्यावर होता, तो उतरवला. धूळ इतकी की आत पाल मरून पडलेली. त्यात दोन नव्या हार्ड डिस्क बसवल्या. एकीवर जे जाईल तेच आपोआप दुसरीवरही. एक मेली तरी दुसरी असते.

सुदर्शन म्हणाला, "वा. नवऱ्याचीही अशी सोय आहे का बघ." मी बघितलं त्याच्याकडे. तो स्क्रूड्रायव्हर शोधायला गेला.

२१ सप्टेंबर

चालू होत नाही. नुसता बीप-बीप करतो.

२२ सप्टेंबर

रॅम काढली, खोडरबराने घासली, परत लावली. चालू झाला. स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

२८ सप्टेंबर

अकोल्याहून चुलतभावाने, साईनाथदादाने, लग्नांचे जुने फोटो पाठवले. त्यांत बाबा सापडतात – पंगतीत वाढताना, कोणाच्या तरी मागे अर्धे. मिळेल तो ठेवतेय.

संध्याकाळी खडकीला जाऊन आईच्या नव्या फोनमध्येही सोय करून आले. तिने फोटो काढला की तो आपोआप माझ्याकडच्या डिस्कवर येणार. तिला काही करायला नको. समजावून सांगितलं. "बरं," म्हणाली. तिचं लक्ष कुकरकडे होतं.

५ ऑक्टोबर

आई स्कूटीवर!

फोटो नीट जुळवून लावत होते, तर नवीन आलेल्यांत हा. आई हँडल घट्ट धरून बसलीये, पाय दोन्हीकडे टेकलेले, हेल्मेट वाकडं, आणि हसतेय. माझी आई, जी जन्मभर बाबांच्या मागे एका बाजूला बसली. मागे शेत. खडकीत शेत कुठलं?

हातांनी तोंड दाबून बसले. मग खाली पाहिलं – आणखी होते. एका फोटोत पांढरी टोपी घातलेला माणूस मेथी निवडतोय. पुढच्यात तोच माणूस झोपलाय, खाटेवर. झोपलेल्या माणसाचा फोटो कोण काढतं?

६ ऑक्टोबर

आईला सहज विचारल्यासारखा फोन केला, काल कुठे होतीस? "भजनाला," म्हणाली. सरळ. न अडखळता.

सुदर्शनला दाखवले. तो म्हणाला, "तू हे बघायला नको होतंस." त्याला एवढंच दिसलं यात?

११ ऑक्टोबर

गेले खडकीला. चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "आई, स्कूटी कोणाची?"

ती कपबशी धूत होती. नळ बंद केला. "कोणी सांगितलं?"

"तुझे फोटो माझ्याकडे येतात. सांगितलं होतं."

"म्हणजे रोज बघतेस तू?"

बघते. रोज. ऑफिसातूनही.

मग तिने सांगितलं, उभ्या उभ्याच. नाव आप्पासाहेब. धायरीचे, शेती करतात. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोघं शेजारी बसली होती, डोळ्यांत औषध घालून. "मीच तर घेऊन गेले होते तुला," मी म्हटलं. "हो. तू बाहेर फोनवर होतीस."

आणि मग – "आम्ही लग्न करतोय."

तिचं वय बासष्ट. मी ओरडले नाही. मी म्हटलं, आई, नीट विचार कर. त्यांच्या घरचे, त्यांची जमीन, लोक काय म्हणतील, तुझी तब्येत. एकेक मुद्दा शांतपणे मांडला. ती ऐकत राहिली. आई फार चिडली की वऱ्हाडीवर येते. हळूच म्हणाली, "तुह्या बाबाले ठेव त्या डब्यात. सारे फोटो ठेव. मले नको ठेवू त्यात."

घरी येऊन तो स्कूटीचा फोटो परत उघडला.

१२ ऑक्टोबर

आईच्या फोनवरून आज काही आलं नाही.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आई जेवायला आली, अनारसे घेऊन. आम्ही तिघंच, तरी चौघांना पुरतील इतके. फोटो येणं बंदच आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

बेल वाजली. दारात तेच. पांढरी टोपी, हातात पिशवी. सुदर्शनने आत घेतलं.

सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाले, "ताई, मला फिरवून बोलता येत न्हाई. त्यांच्या मनात हाय, माझ्या मनात हाय. तुमची हरकत हाय का, येवढंच इचारायला आलो."

साधा प्रश्न. मी म्हटलं, "आपण चहा घेणार का?" ज्या सुरात विचारल्यावर पाहुणा नको म्हणतो, त्या सुरात.

"नगं," म्हणाले. उठले. पेरूंची पिशवी टीपॉयवर ठेवली. सुदर्शन त्यांना सोडायला खाली गेला, तो बराच वेळ वर आला नाही.

मी पेरू कापले नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी घरून काम करत होते. आईच्या फोनवरून एक फोटो आला. एकच.

आई आणि आप्पासाहेब, गळ्यात हार. मागे सरकारी कचेरीची हिरवी भिंत. साक्षीदारांत सुदर्शन. मुंबईला मीटिंग आहे म्हणून सकाळी निघालेला माझा नवरा, इस्त्रीच्या शर्टात.

फोन लावला. तो म्हणाला, "आईंनीच सांगितलं होतं, तुला कळू द्यायचं नाही. म्हणाल्या, रुपाली भांडली असती तर मी निभावलं असतं. ती समजूतदारपणे बोलते, त्याची मला भीती वाटते."

आईला माझी भीती वाटते.

चप्पल घालून खाली उतरले. रिक्षावाल्याला खडकी सांगितलं. विद्यापीठाच्या सिग्नलला लक्षात आलं – ती आता तिथे नसेल. आणि धायरीचं घर मला माहीत नाही. विचारलंच नव्हतं.

रिक्षा बाजूला घ्यायला लावली. आईला फोन केला. म्हटलं, पत्ता सांग.