जाता जाता बंद केलेला दिवा

तीर्थरूप मामांना जावयाचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझं विचाराल तर जिवंत आहे, भुवया तेवढ्या नाहीत.

मामा, सिलिंडरच्या गोदामात बारा वर्षं मी घसा कोरडा करून एकच गोष्ट शिकवतोय: गॅसचा वास आला की विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. दिवा लावायचा नाही आणि लागलेला बंदही करायचा नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. (हे गोदामाच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात आहे. ते पुसावं की मीच तोंड लपवावं, कळत नाही.) गेल्या सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात वास आला, शेगडीची नळी चिरली होती. आमचं स्वयंपाकघर अंधारं, त्यामुळे दिवा लागलेलाच. तुमची लेक म्हणाली, "अहो, बटणाला हात लावू नका हं." मला! मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." मग सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली (एकच, दुसरी रंगानं चिकटलीय, ती सोडवायचं सहा महिने राहिलंय), मायलेकींना अंगणात काढलं आणि शेवटी ऐटीत बाहेर पडताना दिवा बंद केला.

राग मानू नका, पण यात थोडे तुम्हीही आहात. लग्न ठरल्यावर आठवडाभर तुमच्याकडे राहिलो, तेव्हा मी पाणी प्यायला उठलो तरी "निघताना दिवा बंद!" म्हणून ओरडायचात. तेव्हापासून हात आपसूक जातो. भक्क झालं! पडदा गेला, भुवया गेल्या, डावी मिशी गेली (उजवी मीच उतरवली, एकटी ठेवून करू काय?). बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पोर मला बघून किंचाळली. तुमच्या लेकीनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो. ती सरळ पिशवी भरून पोरीला घेऊन तुमच्याकडे आली. माझी काही तक्रार नाही, आपलं कळावं म्हणून लिहिलं.

तुमचा,
बिनभुवयांचा जावई

ता.क. तक्रार आहे. घर खायला उठतंय. दोघींना पाठवा.

ता.क. दुसरा: माझी बाजू घेऊ नका, तिचा पारा चढेल. "मला शिकवू नकोस" हे मी परत घेतलंय, एवढंच सांगा.

ता.क. तिसरा: नवी नळी बसवली, दुसरी खिडकीही सोडवली. पण बटणापाशी जातो आणि तसाच परत फिरतो. चार दिवस अंधार पडायच्या आत जेवतोय. तिला म्हणावं, दिवा लावायला तरी ये. बंदही तूच कर.