गादीवाल्या ठेसनावरचं ‘हाय’

३ मार्च, रविवार
संजूचा फोन आला नाही. दर रविवारी पोट्टा जपानहून फोन करतो अन् एकेकाची तब्येत विचारतो. आधी आईची, मग दीदीची, म्हणजे मधूची, मग माझी. आज कोणी विचारलं नाही, म्हणून उत्तरं इथंच लिहून ठेवतो. हिचा गुडघा: जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. मधूचा खोकला गेला, ती शिकवते त्या शाळेत परीक्षा सुरू. जावई ठीक, पोट सुटून राहिलं. मी: बी.पी.ची गोळी नियमाने. डोळा तसाच.
संजू: मागल्या रविवारी आवाज बसलेला होता. म्हणे, काही नाही बाबा, थंडी आहे.

५ मार्च
फोन वाजतो, उचलत नाही. मेसेज पोचतो, वाचत नाही. नवी खोली घेतली तिचा पत्ता पाठवतो म्हणाला होता, राहून गेलं. मले त्या गावातलं एकच ठिकाण माहीत, त्याचं ठेसन.
इथं रायपुरात, उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता तेव्हा आमचं बोलणं म्हणजे ‘जेवला का?’ ‘हव.’ तिकडं गेल्यावरही तेच. तब्येती संपल्या की दोघंही गप्प. मग एका रविवारी म्हणाला, “बाबा, इथलं ठेसन तुमच्या छोट्या लाइनीच्या ठेसनाएवढंच आहे.” तिथून सुरू झालं. दर रविवारी त्या ठेसनाचं काहीतरी शोधून आणायचा. पहिले तिथं रेशमाची गिरणी होती, तिच्यासाठी लाइन टाकली. गिरणीतल्या पोरी सुटीच्या दिवशी तिथून गावी जायच्या. गिरणी बंद पडली. मग ठेसन मास्तर काढला. आता माणूसच नाही, तिकिटाचा डबा आहे. मी म्हटलं, “मग झेंडी कोण दाखवते?” म्हणे, “विचारून सांगतो पुढच्या रविवारी.”
नवी राजधानी झाली, रस्ते रुंद झाले, मी नोकरी केली ते छोट्या लाइनीचं ठेसन रस्त्याखाली गेलं. इथं असताना संजूनं त्याचं कधी विचारलं नाही. तिकडं जाऊन विचारलं.

७ मार्च
मधू सासरहून आली. “पापा, बिज़ी होगा वो, टेन्शन मत लो.” मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. जावयानं संजूच्या कंपनीला इंग्रजीत लिहिलं. उत्तर आलं, फार अदबीचं. कामगाराची खासगी माहिती देता येत नाही.
आम्ही खासगी नाही तर काय आहोत, हे इंग्रजीत कसं लिहितात…
ही दिवसभर ठेसनाचे फोटो पाहून राहिली. तिथल्या बाकावर मोहल्ल्यातल्या बाया घरी शिवलेल्या गाद्या बांधून ठेवतात, बसणाऱ्याला गार लागू नये म्हणून. हे ऐकलं अन् हिनं जुन्या हिरव्या लुगड्याची गादी शिवली, गोल बाजारातून कापूस आणून भरली. दिवाळीला संजू आला तेव्हा त्याच्या सामानात टाकली. तो म्हणे, “आई, मी कारखान्यात जातो, गाद्या विकाले नाही.” पण नेली. बाकाले बांधून फोटो पाठवला. तेव्हापासून हिच्यासाठी ते गादीवालं ठेसन.

९ मार्च
फोन उचलला! बाई होती, म्हातारी वाटली. म्हणाली, “मोसी मोसी.”
ही म्हणे, “कोणती मोसी? कोणाच्या मावशीले विचारून राहिली ही?”
मी म्हटलं, “ताई, संजू हाये का?”
“हाय.”
जिवात जीव आला. “बिमार हाये का?”
“हाय.”
“दवाखान्यात हाये?”
“हाय, हाय.” मग पुष्कळ बोलली, हळू आवाजात. लाइन कटली. परत लागली नाही.
तेवढ्यात ही भिंतीला टेकून खाली बसलेली. मी म्हटलं, “अवं, ती ‘आहे’ म्हणते.” “आहे असं कोणी दोनदा म्हणते काय? हाय हाय करून राहिली ती.”
संध्याकाळी बूढ़ा तलावाला फेरी मारायला गेलो. अर्ध्यातून परत.

१० मार्च, रविवार
जावयानं माहिती काढली. ते मोसी नाही, मोशी मोशी, म्हणजे हॅलो. अन् त्यांचं ‘हाय’ म्हणजे आपलं ‘हव’. ही पदर तोंडाला लावून हसली. “म्हणजे म्हातारी रायपूरचीच निघाली.” मीही हसलो.
जावई मात्र चहाच्या कपात पाहत होता. “लेकिन पापा, वो लोग सुनते-सुनते भी हाय बोलते हैं. मतलब, जी, सुन रही हूँ. हर बार हाँ नहीं होता.”
म्हणजे मी मराठीत विचारत गेलो अन् ती नुसती ऐकत होती. बिमार, दवाखाना, हे सगळं माझंच.
ही म्हणे, “मग असं विचारलंच काहून तुम्ही?”


१२ मार्च
जावयानं मोबाइलवर भाषांतर करून संजूच्याच नंबरावर जपानीत पाठवलं: आम्ही आईवडील, मुलगा कसा आहे? वाचल्याची खूण आली. उत्तरात नुसता फोटो. बाक, आजूबाजूला बर्फ, हिरवी गादी. माणूस नाही.
मधू: “फोन शायद इसी बेंच पे मिला होगा उनको.” जावई: “पर लॉक तो संजू ने ही खोला होगा ना?” सगळ्यांचे चेहरे उजळले. ही म्हणाली, “त्याच्या फोनाले कुलूप कधी असते? पोट्टा घराचंही लावत नव्हता.”
संजूनंच सांगितलं होतं, एक म्हातारी रोज ठेसन झाडते, बर्फ पडला की गाद्या घरी नेऊन वाळवते. तीच असेल. ही चष्मा लावून फोटो पाहत राहिली. “गादी कोरडी आहे,” म्हणाली. एवढंच.
पुन्हा विचारलं. पुन्हा तोच फोटो आला.

१४ मार्च
ही म्हणते, आपण जाऊ. पासपोर्ट नाही. जन्मभर रेल्वेचा पास खिशात घेऊन हिंडलो, त्या ठेसनाचा पास कुठं मिळते?
आज मीच लिहिलं, मराठीत. जावई म्हणाला भाषांतर करून देतो. नको म्हटलं, हे संजूसाठी आहे. म्हातारीला वाचता येणार नाही, पण तो जिथं असेल तिथं नेऊन दाखवता तर येईल.
‘संजू, आईचा गुडघा बरा. दीदीचा खोकला गेला. जावई ठीक. मी ठीक. झेंडी कोण दाखवते, ते तुझं सांगायचं राहिलं आहे. लवकर लिही. लिहवत नसेल तर नुसतं हाय लिही. कोणतं हाय, ते आम्ही समजून घेऊ.’